स्वतःच्या घागरीतलं पाणी

आजचं वाचन: योहान 4:5-42



उपासनेत आपण जी गीतं गातो, त्यांतली कितीतरी बायकांनी लिहिलेली आहेत. गाताना हे आपल्या लक्षातही येत नाही. इंग्लंडच्या शार्लट इलियट यांचंच घ्या. तिशीतच त्यांना आजारपण आलं ते कायमचं. 1834 च्या सुमारास ब्रायटनला त्यांच्या घरची सगळी मंडळी एका शाळेसाठी पैसे उभे करायच्या धावपळीत होती आणि ह्या एकट्या घरी पडून होत्या. आपला कुणालाच काही उपयोग नाही, या विचाराने त्या रात्रभर तळमळल्या. त्या निराशेतून 'जस्ट ॲज आय ॲम' हे गीत आलं. दुसऱ्या फ्रान्सिस रिडली हॅवरगल (1836-1879). त्या हुशार होत्या, संगीत जाणत होत्या, इब्री आणि ग्रीक शिकलेल्या होत्या. 1874 साली त्यांनी 'टेक माय लाइफ' लिहिलं. त्यात सगळंच प्रभूला देऊन टाकायची भाषा आहे. पुढे त्यांनी आपले दागिने खरोखरच मिशनच्या कामासाठी देऊन टाकले. बेचाळिसाव्या वर्षी त्या प्रभूकडे गेल्या.

या दोघींबद्दल वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. गीत लिहिण्याआधी त्यांच्यापाशी काय होतं? एकीपाशी शिक्षण होतं, तर एकीपाशी फक्त आजारपण. तरी दोघींची गीतं आज आपल्या ओठांवर आहेत. म्हणजे गीत काही शिक्षणातून येत नाही आणि दुःखातूनही आपोआप येत नाही. मग ते कुठून येतं?

याचं उत्तर मला एका मराठी बाईच्या आयुष्यात सापडलं. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मधला एखादा धडा वाचला असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पत्नी, एवढंच बऱ्याचदा सांगितलं जातं. (हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, हे दर वेळी सांगावं लागतं!) आज त्यांचं आयुष्य आपण योहानाच्या चौथ्या अध्यायाशेजारी ठेवून वाचू या. तो अध्याय आधी एकदा वाचून घ्या. विहीर, भांडी, घागर, प्रश्न, पेरणी, कापणी असं सगळं त्यात आहे. आणि हे सगळं लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही आहे.

1. भांड्याला शिवायचं नाही

प्रभू येशू प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीजवळ बसलेला आहे. दुपारची वेळ आहे. शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकितच होते. तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस, असं ती विचारते. योहान आपल्याला लगेच कारण सांगतो, की यहूद्यांचा शोमरोन्यांशी असा व्यवहारच नव्हता.

परदेशातल्या वाचकाला हे वचन समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही लागत. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, हे आपल्या आजीपणजीच्या पिढीला पाठ होतं. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, 1927 साली चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पेणहून किंवा रोह्याहून महाड काही फार लांब नाही. तेव्हा योहान 4:9 हे वचन आपल्या दारातलंच आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं अतोनात वेड. सगळं घर त्या सोवळ्याखाली दबलेलं. पाणी, अन्न, कपडे, स्पर्श, सगळ्याला नियम होते. हे सगळं लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. वाचताना हसूही येतं आणि पोटात तुटतंही. 1880 साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांनी शिकवल्यामुळे.

हे लक्षात ठेवा. हॅवरगलबाई ग्रीक शिकल्या, तर आपल्या लक्ष्मीबाईंना बाराखडीसुद्धा लग्नानंतर मिळाली.

2. नवऱ्याचा विश्वास आणि बायकोचे प्रश्न

टिळक विद्वान होते, कवी होते आणि अस्वस्थ होते. एका जागी फार दिवस टिकायचे नाहीत. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या. त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तय 5 ते 7 अध्यायांपाशी, थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू बघा. आपल्या साक्षींमध्ये आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. 'ते प्रभूकडे आले, हालेलूया!' पण घरी बायको होती. पदरात लहान मुलगा दत्तू होता. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायकोच्या दृष्टीने तो जिवंत असूनही गेल्यासारखा. ती सवाष्ण की कोण, हेसुद्धा लोक ठरवणार! बातमी कळल्यावर लक्ष्मीबाईंचं काय झालं, ते त्यांनी स्वतः सांगितलंय. त्या दुःखाने अक्षरशः वेड लागायची पाळी आली होती. पुढची काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. आणि याच ताटातुटीत त्यांना कविता सुचू लागली.

मित्रांनो, घाईने पुढे जाऊ नका. त्यांनी ख्रिस्ताची पहिली ओळख आनंदाची वार्ता म्हणून करून घेतली नाही. ख्रिस्त त्यांच्याकडे आला तो घर मोडणारा म्हणून. आज तुमच्यापैकी काहींच्या घरात असंच आहे. एकाने विश्वास ठेवलाय आणि बाकीच्यांना ती जखम वाटते. त्या जखमेला आपण 'आत्मिक विरोध' असं नाव देऊन मोकळं होऊ नये. समोरचं माणूस खरोखर दुखावलेलं असतं.

पुढे त्या टिळकांबरोबर अहमदनगरला राहायला आल्या. राहिल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यांना ओढून बाप्तिस्म्याला उभं केलं नाही. आणि त्यांनीही 'नवरा म्हणतो म्हणून' मान डोलावली नाही. नवऱ्याचं प्रेम खरं होतं, पण नवऱ्याचा देव अजून त्यांचा झाला नव्हता. हा फरक त्यांना कळत होता.

मग राहुरीला जाताना वाटेत त्यांच्या मनात एक प्रश्न आला. जाती कोणी केल्या, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर जन्म, मरण, शरीर यांत कुठेतरी फरक दिसला असता. तो तर दिसत नाही! असा विचार करत करत त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं, की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं. तिथे कोणी प्रचारक नव्हता, सभा नव्हती, वाद्यं नव्हती. एक बाई होती, तिचा रस्ता होता आणि तिचा प्रश्न. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, 1900 साली. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती.

आता परत विहिरीवर या. शोमरोनी बाई किती प्रश्न विचारते बघा. तू यहूदी असून माझ्याकडे कसा मागतोस? विहीर खोल, तुझ्याकडे पोहरा नाही, मग पाणी कुठून आणणार? आमच्या बाप याकोबापेक्षा तू मोठा आहेस का? उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमात? आणि प्रभू एकदाही तिला 'गप्प बस आणि विश्वास ठेव' म्हणत नाही. प्रत्येक प्रश्नाला तो उत्तर देतो आणि दर वेळी तिला आणखी आत घेऊन जातो. शिष्य परत येतात तेव्हा त्यांना याचंच नवल वाटतं, की हा एका बाईशी बोलतोय!

आमच्या रोह्याच्या शनिवारच्या अभ्यासगटात लग्नाला वर्ष झालेली एक मुलगी येते. आठवडाभर नवी मुंबईत नोकरी, शनिवार-रविवार सासरी. एकदा ती म्हणाली, "ताई, घरी प्रार्थना असते तेव्हा मी बसते. गाणीही म्हणते. पण ते सगळं ह्यांचं आहे, माझं नाही. मी ढोंग करतेय का?"

तिला मी लगेच वचन काढून दाखवलं नाही. "तुझा प्रश्न काय आहे?" एवढंच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी आई देवाची किती करते. तिची प्रार्थना तो ऐकतच नाही का? हे मला कोणी नीट सांगत नाही."

बघा, हा प्रश्न अविश्वासाचा नाही, प्रेमाचा आहे. असा प्रश्न ज्याच्या मनात आहे त्याने तो दाबून गाणं म्हटलं, तर ते गाणं घशाच्या वरूनच निघतं. त्या दिवशी आम्ही योहान 4 उघडला आणि 42 व्या वचनापर्यंत वाचला. तिथे सूखार गावचे लोक त्या बाईला काय सांगतात? आता आम्ही विश्वास धरतो तो तुझ्या बोलण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. ऐकायला जरा उर्मट वाटतं, नाही? पण त्या बाईला याहून मोठा आनंद दुसरा कुठला असेल! तिची साक्ष त्यांना विहिरीपर्यंत घेऊन आली. पाणी मात्र त्यांनी स्वतः प्यायलं.

त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्या दिवशी मिळालं असं मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न आता ती देवापाशी घेऊन जाते. ती म्हणाली, "निदान आता मी माझं काहीतरी बोलते." मला वाटतं, प्रार्थनेची सुरुवात हीच.

3. घागर तिथेच राहिली

योहान 4:28 मध्ये एक छोटी गोष्ट आहे. ती बाई आपली घागर तिथेच टाकून गावात धावत जाते. पाणी भरायला आली होती आणि पाणी न भरताच गेली! जिच्याशी कोणी नीट बोलत नसेल, ती आता सगळ्या गावाशी बोलतेय.

लक्ष्मीबाईंच्या कवितांच्या संग्रहाचं नाव 'भरली घागर' आहे. हे नाव वाचलं की मला ही शोमरोनी बाई आठवते. रिकामी घागर घेऊन आलेली, ती तिथेच सोडून गेलेली, आणि तरी आतून भरून गेलेली.

लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. त्या घरातलीच भाषा बोलतात. चुलीजवळची, अंगणातली, दोन बायका धुणं धुताना बोलतील तशी. त्यांनी पंडितांची नक्कल केली नाही. घरात टिळकांसारखा कवी होता. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे मुलासारखे राहून गेले. अशा घरात कोणालाही वाटेल, की माझ्या चार ओळींना कोण विचारतंय! पण त्यांनी हातातली भाषा टाकून दुसऱ्याची उचलली नाही.

हे मी मुद्दाम तुम्हाला सांगतेय. आपल्यातले बरेच जण आठवडाभर इंग्रजीत मेल लिहितात, इंग्रजी वर्शिप साँग्स ऐकतात आणि प्रार्थनाही अर्धी इंग्रजीत करतात. त्यात वाईट काही नाही. शार्लट इलियटचं गीत मलाही प्रिय आहे. पण एक तपासून बघा. रडू येतं तेव्हा तुम्ही कुठल्या भाषेत रडता? आई आठवते ती कुठल्या भाषेत? ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाडात येता, घाबरता, ती भाषा देवापाशी घेऊन गेलात का कधी? की त्याच्यासमोर तुम्ही कायम इस्त्रीचे शब्द घालूनच उभे राहता?

आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे तुम्हाला माहीत आहेत. त्यांचा जन्म 1895 चा, म्हणजे ज्या वर्षी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षीचा. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता वाचायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. मग तूच का मराठीत करत नाहीस, असं तिने मुलाला म्हटलं. आई 1918 साली गेली. त्यानंतर 1930-31 साली विनोबांनी 'गीताई' लिहिली. तो ग्रंथ वेगळा, ती वाट वेगळी. पण एका आईची भूक बघा. देवाचं बोलणं तिला स्वतःच्या भाषेत हवं होतं. ही भूक खरी आहे आणि ती आपल्या मातीतली आहे. आपण तिला कमी लेखू नये.

4. एकाने पेरलं, दुसऱ्याने कापलं

आता अध्यायाचा शेवटचा भाग. शिष्य जेवणाचं विचारतात आणि प्रभू शेतं दाखवतो. पेरणारा एक असतो आणि कापणारा दुसरा, असं तो म्हणतो. जिथे तुम्ही श्रम केले नाहीत तिथे मी तुम्हाला पाठवलं, श्रम दुसऱ्यांनी केले आणि तुम्ही त्यांच्या श्रमात वाटेकरी झालात (4:37-38).

टिळकांच्या मनात एक मोठं काम होतं. प्रभू येशूचं सगळं चरित्र मराठी ओव्यांत सांगायचं. नाव ठेवलं 'ख्रिस्तायन'. मराठीत असं काम आधी एकदा झालं होतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने गोव्यात राहून 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते 1616 साली छापलं गेलं. त्यानंतर तीनशे वर्षांनी टिळकांनी हे शिवधनुष्य उचललं. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले. तेव्हा 'ख्रिस्तायन'चे 10 अध्याय झाले होते, पुढचं सगळं बाकी होतं.

ते काम पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. पन्नाशी उलटलेली विधवा, शाळेत न गेलेली. त्यांनी त्यात 64 अध्यायांची भर घातली आणि 'ख्रिस्तायन' पुरं केलं.

10 आणि 64. हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा.

इथे मला आजच्या मननाचा गाभा दिसतो. लक्ष्मीबाई 1895 साली नवऱ्यापाठोपाठ निमूटपणे पाण्यात उतरल्या असत्या, तर लोकांनी त्यांना आज्ञाधारक पत्नी म्हटलं असतं. पण मग 1919 नंतर त्यांच्यापाशी लिहायला काय उरलं असतं? टिळक गेल्याबरोबर टिळकांचा विश्वासही गेला असता. उसन्या विश्वासावर फार तर 10 अध्यायांची नक्कल होते. पुढचे 64 लिहायला स्वतःचं पाणी लागतं. ज्या पाच वर्षांना कोणी 'हट्टाची वर्षं' म्हणेल, त्या वर्षांनीच पुढच्या 64 अध्यायांची तयारी केली, असं मला वाटतं.

आपल्याकडचा रोज दिसणारा दाखला देते. दिव्याहून सुटणारी गाडी पनवेल, पेण करत रोह्याला येते. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि तिथूनच कोकण रेल्वे सुरू होते, ती थेट मंगळूरपर्यंत जाते. लांब पल्ल्याच्या गाडीत बसलेल्या माणसाला हे कळतही नाही. रूळ तुटत नाहीत. पण रोह्याच्या पुढचे बोगदे आणि पूल वेगळ्या लोकांनी बांधलेत, वेगळ्या कष्टांनी. 1998 साली तो सगळा मार्ग सुरू झाला. आधीचे लोक म्हणू शकत नाहीत की गाडी आम्हीच मंगळूरला नेली. नंतरचेही म्हणू शकत नाहीत की सुरुवात आमची. गाडी मात्र पोहोचते.

तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी अर्धं सोडून गेलं असेल. आजोबांनी सुरू केलेली घरातली प्रार्थना, जी ते गेल्यावर बंद पडली. आईने दर रविवारी गोळा केलेली वस्तीतली मुलं. काकांची गीतांची वही, जी माळ्यावर पडलीय. शहरात गेल्यावर आपल्याला वाटतं, ते त्यांचं होतं, त्यांच्याबरोबर संपलं. आणि कधी कधी वाटतं, मला कुठे त्यांच्याएवढं येतं! लक्ष्मीबाईंनाही टिळकांएवढं संस्कृत येत नव्हतं. त्यांनी ते काम टिळकांसारखं करायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी ते आपल्यासारखं केलं.

5. मग आपण काय करायचं?

तीन साध्या गोष्टी सांगते.

पहिली: तुमचा खरा प्रश्न ओळखा. 'देव आहे का' अशा मोठ्या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक लहान, दुखरा प्रश्न लपलेला असतो. बाबा का गेले? माझं लग्न का मोडलं? माझ्या मैत्रिणीला माझ्या घरी अजूनही वेगळ्या कपात चहा का मिळतो? हो, हाही प्रश्न विचारा! ज्याने शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागितलं, त्याच्या नावाने जमणाऱ्या घरात वेगळा कप असेल, तर आधी तो कप काढून टाका आणि मग गाणं म्हणा.

दुसरी: घरात तुम्ही आधी विश्वास ठेवला असेल, तर दुसऱ्याला वेळ द्या. पाच वर्षं लागतील, कदाचित जास्त. तुमची साक्ष त्यांना विहिरीपर्यंत आणेल. ओंजळ त्यांनाच पुढे करू द्या. त्यांचे प्रश्न ऐकताना तोंड पाडू नका.

तिसरी: या आठवड्यात चार ओळी लिहा. गीत म्हणून नको, छापायलाही नको. देवाशी बोलायचं म्हणून, तुमच्या घरच्या मराठीत. मग ती आगरी असो, कोकणी वळणाची असो, घाटावरची असो. शुद्धलेखन बघू नका. यमक जुळलं तर जुळलं. लक्ष्मीबाईंनी कविता सुरू केली ती नाव व्हावं म्हणून नाही, दुःख मावेना म्हणून.

आणि जमलं तर 'स्मृतिचित्रे' मिळवून वाचा. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या. पुस्तक जाड आहे, पण दिवा-रोहा गाडीत बसल्यावर मोबाईल खाली ठेवायला लावेल असं आहे. विश्वासाबद्दल इतकं हसत, इतकं खरं बोलणारी बाई मी दुसरी वाचली नाही. स्वतःच्या फजित्या सांगताना त्या अजिबात लाजत नाहीत.

सुरुवातीचा प्रश्न होता, गीत कुठून येतं? मला वाटतं, माणूस ज्या दिवशी देवाशी स्वतःच्या तोंडाने बोलतं, त्या दिवशी ते सुरू होतं. शार्लटने आपली निराशा त्याला सांगितली, फ्रान्सिसने आपलं सगळं त्याच्यापुढे ठेवलं, लक्ष्मीबाईंनी आपला प्रश्न त्याला विचारला. शोमरोनी बाईने चारही गोष्टी लपवायचा प्रयत्न केला, पाचवी बाहेर आलीच, आणि तरी प्रभू तिथून उठून गेला नाही. तो त्या गावात दोन दिवस राहिला.

मननासाठी

1. योहान 4 मध्ये ती बाई येशूला कोणकोणत्या नावांनी हाक मारते किंवा काय काय समजते? क्रम लिहून काढा. तिचा विश्वास कसा पायरीपायरीने वाढतो?
2. माझ्या विश्वासातली कोणती गोष्ट अजून आईची, वडिलांची, नवऱ्याची किंवा मंडळीची आहे, माझी झालेली नाही?
3. माझ्या घरात किंवा मंडळीत कोणाचं काम अर्धं राहिलंय? त्यातला एक अध्याय मी लिहू शकते का, लिहू शकतो का?

प्रार्थना

प्रभू येशू, तू थकून विहिरीवर बसलास आणि एका बाईकडे पाणी मागितलंस. आमच्याकडेही माग. आमचं भांडं स्वच्छ नाही म्हणून आम्ही मागे सरतो, पण तू सरत नाहीस. आमचे प्रश्न तुला माहीत आहेत, ते तुझ्यापुढे मांडायचं धैर्य दे. घरातलं जे माणूस आमच्या विश्वासामुळे दुखावलंय, त्याला तू स्वतः भेट, आणि आम्हाला थांबायला शिकव. आमच्या आधी ज्यांनी पेरलं त्यांच्यासाठी तुझे आभार. त्यांचं राहिलेलं काम आमच्या वेड्यावाकड्या अक्षरांत पुढे ने. आमच्या घरच्या बोलीतलं गाणं तुला आवडो. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: लूक 1:39-56. तिथे दोन बायका भेटतात आणि एक गीत जन्माला येतं. तोपर्यंत तुमच्या चार ओळी लिहून ठेवा.